प्रीफॅब घर विदर्भाच्या उन्हात अन काळ्या मातीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या पुढे आमचं वावर, म्हणजे शेत आहे. तिथं चार वर्षांपासून आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई अन पोरगी, ३२० स्क्वेअर फुटाच्या प्रीफॅब घरात राहतो. मार्च लागला की लोकं घर पाहायला येतात, फोन करतात, अन सगळे तेच तेच विचारून राहिले म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. मी इंजिनियर नाही, कापूस-तूर घेणारा माणूस आहे, पण पाया खोदण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनी तुम्हाला भिंत अन छत विकते, पाया अन सावली ती विकत नाही, अन आपल्या भागात घर राहण्यालायक होते की नाही ते या दोन गोष्टींवरच ठरते.

प्रीफॅब, मॉड्युलर, कंटेनर, हे सगळं एकच का?

नाही. प्रीफॅब म्हणजे घराचे भाग कारखान्यात बनवायचे अन जागेवर आणून जोडायचे. मॉड्युलर म्हणजे खोलीच्या खोली तयार होऊन ट्रेलरवर येते, हायड्रा (क्रेन) लावून उतरवायची अन नळ-लाईट जोडायचे. कंटेनर म्हणजे जहाजावरचा माल वाहायचा लोखंडी डबा, त्याला खिडक्या-दरवाजे कापून घर करतात. २० फुटी कंटेनर बाहेरून ८ फूट रुंद, म्हणजे १६० स्क्वेअर फूट, पण आतून थर्माकोल-बोर्ड लावला की रुंदी सव्वासात फुटांच्या आसपास राहते, त्यात बाज आडवी टाकली तर जायला जेमतेम फूटभर जागा उरते. फोटोत ते फार मोठं दिसते, म्हणून पैसे द्यायच्या आधी अंगणात चुन्याची फक्की टाकून तेवढा चौकोन आखा अन त्यात एक रात्र बाज टाकून झोपून पहा, मंग ठरवा.

आमचं घर पॅनलचं आहे, लोखंडी सांगाडा अन त्याला पफचे पॅनल, म्हणजे दोन रंगीत पत्र्यांच्या मधात फोम भरलेला. शेतकरी कुटुंबासाठी मी हाच प्रकार सांगतो, कारण रुंदी आपल्या मनाची ठेवता येते अन भाग छोटे असल्यामुळे साध्या ट्रकमध्ये येतात.

४६-४७ डिग्रीत टिनाच्या डब्यात राहता येते का?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो अन तो बरोबरच आहे, टिनाच्या घरात मे महिना काढलेला माणूस दुसरं काय विचारणार.

ऊन कुठून येते ते आधी समजून घ्या. आपण २१ अक्षांशावर आहोत. २५ मेला नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो, अन त्याच दोन-तीन दिवसांत नागपूर-वर्ध्याकडे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे त्या दिवसांत घर तापते ते मुख्यतः छतातून, अन दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीतून. लोकं मात्र चारही भिंतींना जाड पॅनल मागतात अन छताला पातळ घेतात, तिथं चुकते. भिंतीला ५० मिलिमीटर पुरते, छताला ८० किंवा १०० घ्या.

दुसरी गोष्ट, पफ थंडावा देत नाही, ते गोधडीसारखं आहे. बाहेरची गरमी आत येऊ देत नाही तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. मातीची भिंत दिवसभर गरमी पिऊन घेते अन रात्री सोडते, पॅनलची भिंत काहीच पीत नाही. गॅस, फ्रिज, चार माणसं, यांची गरमी आत साचत जाते. त्यासाठी समोरासमोर खिडक्या अन वर छताजवळ दोन झरोके पाहिजेतच, अन मे महिन्यात सकाळी ८ ला सगळं बंद करायचं अन दिवस बुडाला की सगळं उघडायचं, ही सवय आईनं लावली, तिच्या माहेरच्या मातीच्या घरात असंच करत होते.

पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे फक्त पॅनलचं छत होतं. दुपारी ३ वाजता बाजेवर उभं राहून छताला आतून हात लावला की नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखं लागायचं. दुसऱ्या वर्षी वरून दुसरं छत टाकलं. जुन्या गोठ्याचे टिन होते, बांबूचा सांगाडा केला, मधात दीड फुटाची जागा सोडली अन दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या, म्हणजे टिनाखालची गरम हवा वाऱ्यानं निघून जाते. वरच्या टिनाला चुना मारला, चुन्यात थोडा फेविकॉल टाकला म्हणजे पहिल्याच पावसात धुऊन जात नाही. त्यानंतर तोच हात, तीच दुपार, अन छत भिंतीएवढंच गरम लागलं. या दुसऱ्या छताला जो खर्च आला तो पूर्ण घरात सगळ्यात कामी आलेला पैसा आहे असं मी आजही म्हणतो.

कूलर चालतो, मस्त चालतो, पण समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद घरात कूलर लावला की अर्ध्या तासात अंग चिकचिक होते अन लोकं म्हणतात प्रीफॅबमध्ये कूलर चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवेतच ओल असते, तेव्हा कुठल्याच घरात कूलर काम करत नाही, तेव्हा पंखा अन उघड्या खिडक्या.

पश्चिमेला न्हाणी अन सामानाची खोली ठेवा, झोपायची खोली तिकडे ठेवू नका. आमच्या पश्चिमेच्या भिंतीपासून तीन फुटांवर मांडव आहे, त्यावर वाल अन दोडका (यंदा कारली). सेवाग्राम कोणी पाहिलं असेल तर बापू कुटी आठवा, मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू (कौलं) अन खाली वाकलेली खोल ओसरी. भर मे महिन्यात आत बसून पहा. भिंतीवर सरळ ऊन पडूच द्यायचं नाही, ही युक्ती तिथं पाहून शिकता येते, अन ती पॅनलच्या घरालाही तशीच लागू पडते.

घर हलकं आहे, मंग पाया कशाला? कंपनीवाला म्हणते नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवून देतो.

मुरमाड किंवा खडकाळ जागा असेल तर ठेवा. काळ्या मातीत ठेवू नका, हात जोडून सांगतो.

आपल्या म्हाताऱ्या लोकांचा शब्द आहे, काळी अन पांढरी. काळी म्हणजे पेरायची, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गाव पांढरीवर बसवायचं. काळी माती पाणी पिऊन फुगते अन उन्हाळ्यात आखडते, एप्रिलमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. आता ऐका, जड स्लॅबचं घर स्वतःच्या वजनानं या फुगणाऱ्या मातीला थोडं तरी दाबून धरते. हलक्या घराजवळ तेवढं वजनच नाही, त्यामुळे माती त्याला खालून सहज उचलते. म्हणजे हलक्या घराला काळ्या मातीत पाया कमी नाही, जास्त विचारानं करावा लागते.

अन माती सगळीकडे सारखी फुगली तर एक वेळ चालते, एकाच कोपऱ्यात फुगली की घर वाकडं होते. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीच्या पाइपाचा जोड मागच्या कोपऱ्यात गळत होता, कोणाला दिसला नाही. सप्टेंबरमध्ये मागचं दार लागेना. मिस्त्रीनं दार घासून दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा लागेना. मंग लेव्हल ट्यूब धरली तर तो कोपरा बोटभर वर गेलेला. पाइप दुरुस्त केला, तिथली माती काढून मुरूम भरला, तेव्हा दार सरळ झालं, अन भिंतीला सांध्यात जी फट पडली होती ती सिलिकॉननं भरावी लागली, आजही दिसते.

दोन रस्ते आहेत. एक, काळी माती निदान तीन फूट काढून टाका (तुमच्याकडे थर किती खोल आहे त्यावर आहे) अन सहा-सहा इंचाच्या थरानं मुरूम भरून पाणी मारून दाबा, त्यावर जोतं घ्या. दुसरा, थर फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खोल भोक पाडून खाली कांद्यासारखा फुगवटा देऊन काँक्रीट भरायचं, तो फुगवटा खालच्या न हलणाऱ्या थरात अडकून बसतो अन घराला वर उचलू देत नाही. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं आपल्या देशातल्या काळ्या मातीसाठीच पक्की केली आहे, कुठलाही सिव्हिल इंजिनियर ओळखते. पाइलवरच्या बीमखाली माती टेकू देऊ नका, बोटं जातील एवढी पोकळी पाहिजे. अन काहीही करा, घराभोवती तीन फुटाचा फरशीचा पट्टा बाहेर उतार देऊन करा, मोरीचं पाणी अन छताचं पाणी त्या पट्ट्याच्या पलीकडे गेलं पाहिजे. मोठं झाडही भिंतीला लागून नको, ते एका बाजूचं पाणी ओढून माती आखडवते.

खर्च किती आला?

घर, पाया, छपरी (ओसरी) अन दुसरं छत मिळून साडेसहा लाखांच्या आसपास, चार वर्षांपूर्वी. त्यात पाया अन छप्पर मिळून जवळपास तिसरा हिस्सा. कोटेशनमध्ये फक्त घर दिसते, जीएसटी, गाडीभाडं, हायड्रा, लाईटची फिटिंग, सेप्टिक हे वेगळं असते, म्हणून "चावी हातात देईपर्यंत किती" असं लिहून मागा. विटा-स्लॅबपेक्षा स्वस्त पडते म्हणून घेत असाल तर फार फरक पडत नाही, वेळ मात्र वाचते. पाया झाल्यावर आमचं घर नऊ दिवसांत उभं झालं. रेतीसाठी कोणाच्या मागे फिरावं लागलं नाही, पाणी मारायला माणूस लागला नाही.

पॅनल चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

पत्रा ०.५ मिलिमीटर सांगतात अन ०.३५ चा देतात, फोमची घनता क्युबिक मीटरला ४० किलो सांगतात अन हलका भरतात. आपल्याजवळ मशीन नाही, पण किराणा दुकानातला काटा आहे. कंपनीकडून ५० मिलिमीटर पॅनलचा बरोबर एक फूट बाय एक फूट तुकडा मागा अन काट्यावर ठेवा. दोन्ही बाजूंना ०.५ चा पत्रा अन ४० घनतेचा फोम असेल तर वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास भरते. सातशेच्या आसपास भरलं तर पत्रा पातळ आहे. मी हे तीन कंपन्यांच्या तुकड्यांवर केलं, एकाचा तुकडा हातात घेतल्याबरोबरच कळला होता. मंग जे घर घ्यायचं ठरवलं त्याच्या ऑर्डरवर पत्र्याची जाडी, फोमची घनता अन झिंकचं कोटिंग लिहून घेतलं. माल उतरवताना पुन्हा एक पॅनल मोजा, सँपल वेगळं अन माल वेगळा असं होऊ शकते.

कापलेल्या कडा पाहून घ्या, गंज तिथूनच सुरू होते. साइटवर खिडकीसाठी पॅनल कापला की लगेच त्या कडेला प्रायमर मारून घ्या, कामगार निघून गेले की कोणी मारत नाही.

घरकुलाच्या पैशात बसते का? बँक कर्ज देते का?

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात केंद्राच्या हिशोबानं १ लाख २० हजार मिळतात, अन घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० स्क्वेअर फुटाचं पाहिजे. तेवढ्यात पूर्ण पॅनलचं घर होत नाही, वरून टाकावे लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे फोटो काढून मिळतात अन प्रीफॅब कंपनी निम्म्याहून जास्त पैसे आधी मागते, घर आठवड्यात उभं राहते, मधले टप्पे दाखवायला काहीच नसते. म्हणून अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी ग्रामसेवकाला अन पंचायत समितीच्या इंजिनियरला भेटा, डिझाइन दाखवा, अन जे म्हणतील ते कागदावर घ्या.

बँक गृहकर्जाला काचकूच करते, कारण घर उचलून नेता येते. जागा गावठाणात असेल, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद असेल अन पाया पक्का असेल तर बोलणं सोपं जाते. वावरात बांधत असाल तर आधी तलाठ्याशी बोला.

३२० फुटात चौघं कसे राहता? अन कापूस कुठं ठेवता?

शहरातले लोकं पहिला अर्धा विचारतात, गावातले दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

छोट्या घराचे जे फोटो फिरतात त्यात घडीचा पलंग, घडीचा टेबल असते, पण तूर कुठं ठेवायची, बियाण्याच्या पिशव्या कुठं, फवारणीचा पंप कुठं, हे कोणी दाखवत नाही. शेतकऱ्याचं घर म्हणजे अर्धं कोठार. आम्ही पहिल्या वर्षी भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरला. एक खोली छतापर्यंत भरली, आई अन पोरगी छपरीत झोपल्या, रात्रभर खोकला, अन कापसात एक ठिणगी गेली तर काय, हा घोर वेगळा. पफचा फोम पेटला तर धूर फार विषारी असते. कापूस अन पॅनलचं घर एकत्र नको म्हणजे नकोच. दुसऱ्या वर्षी घरापासून ३० फुटांवर साधी टिनाची कोठी केली, खाली लाकडी पाट्या, बाजूला जाळी.

फवारणीचं औषध तर घराच्या आत कधीच आणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं आहे. पॅनलचं घर हवाबंद असते, सैल झाकणाचा एक डबा रात्रभर आत राहिला तर वास भरून राहते. आमचं औषध कुलूपबंद पेटीत, कोठीच्या बाहेरच्या भिंतीला, पोरीच्या हाताच्या वर.

चूलही आत नको. आमच्याकडे गॅस आहे पण आईला भाकर चुलीवरचीच लागते, अन पाणीही चुलीवरच तापते, तर चूल छपरीच्या टोकाला मातीच्या अर्ध्या भिंतीआड आहे.

आता आतलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा कोपरा अन न्हाणी. अन उत्तरेला दहा फूट खोल छपरी, ही कंपनीच्या नकाशात नव्हती, मी भांडून काढून घेतली. आमचं खरं घर तिथंच आहे. वर्षातले आठ महिने बसणं, जेवणं, निवडणं-टिपणं, पोरीचा अभ्यास, पाहुणे, सगळं छपरीत, तिथंच बंगई (झोपाळा) आहे. आत फक्त झोपायचं अन ठेवायचं. पैसे कमी असतील तर आतली जागा ५० फूट कमी करा पण छपरी कापू नका. आत दोन दिवाण आहेत, खाली पेट्या, त्यात गाद्या अन वर्षाची डाळ. दारं सरकती केली, उघडं दार जेवढी जागा खाते तेवढ्यात एक कपाट बसते.

भिंतीला खिळा ठोकता येते का?

कॅलेंडर लटकेल, बाकी काही नाही. पत्रा अर्धा मिलिमीटरचा आहे, मागे फोम. टीव्ही, देवघर, भांड्याची मांडणी, पंखा, पाळणा, हे सगळं लोखंडी सांगाड्यालाच अडकवावं लागते. म्हणून ऑर्डर देतानाच घरच्या बायांना जवळ बसवा अन काय कुठं लागणार ते नकाशावर मांडा, तिथं आडवी पट्टी टाकून मागा. आमच्या घरी हे काम बायकोनं केलं, त्यामुळे एकही मांडणी नंतर हलवावी लागली नाही.

वादळात उडून जाईल का?

बरोबर बांधलं नाही तर उडते. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे तासाला जवळपास १५८ किलोमीटर. कंपनीला विचारा की सांगाडा अन अँकर बोल्ट या वेगासाठी मोजले आहेत का. बोल्ट जोत्याच्या काँक्रीटमध्ये ओतलेले असावे. वरच्या दुसऱ्या छताचं जास्त पहा, मे महिन्यातल्या अवकाळीत पहिले तेच जाते, टिनाचे स्क्रू रबरी वायसरचे अन सांगाडा बांधायला तारेऐवजी बोल्ट. लोखंडी घराला अर्थिंग दोन ठिकाणी पाहिजे, अन वायरिंगला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लावाच, यात पैसे वाचवू नका.

पाणी, संडास अन सोलरचं काय?

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर एक लिटर देते. आपलं छत ३० चौरस मीटर, वर्षाचा १,००० मिलिमीटर पाऊस धरला तर ३० हजार लिटर, गळती सोडून चोवीस-पंचवीस हजार. पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्यायचं, छतावर वानरांची घाण अन धूळ असते, नंतरचं टाकीत किंवा बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात.

शोषखड्डा काळ्या मातीत लवकर तुंबते, माती एकदा फुगली की पाणी खाली जाऊ देत नाही. खड्डा रुंद घ्या अन भोवती गिट्टी-रेती भरा, अन घराच्या पायापासून दूर ठेवा, कारण वर सांगितलंच. न्हाणीचं पाणी आम्ही केळी अन अळूला सोडतो.

सोलरला प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत, २०२४ पासून, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार अन तीन किंवा जास्तला एकूण ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण १०० फूट छत लागते अन दिवसाला चारेक युनिट मिळतात. पाट्या लावल्या की त्याची सावलीही छतावर पडते, म्हणजे दुसऱ्या छताचं अर्धं काम त्याच करतात, पण हे वजन सांगाड्याला आधीच सांगून ठेवा. एक लक्षात ठेवा, ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाईनला जोडलेलं सोलर, लाईन गेली की बंद पडते. गावात लाईन जातेच, त्यामुळे रात्रीसाठी छोटा इन्व्हर्टर वेगळा ठेवा.

पॅनलऐवजी बांबू वापरता येते का?

येते, अन गडचिरोली-मेळघाटाच्या जवळ असाल तर मी आधी बांबूच पहा म्हणेन. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली, खाजगी जमिनीवरचा बांबू आता झाडाच्या व्याख्येत नाही, तोडायला पहिल्यासारखी कटकट राहिली नाही. मानवेल जातीचा बांबू भरीव असते, सांगाड्याला चांगला. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडा अन बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर घुण लागते अन खाली पिवळं पीठ पडायला लागते. आमच्या छपरीचा निम्मा बांबू घाईत न भिजवता लावला, तो तिसऱ्या वर्षी बदलावा लागला, भिजवलेला अजून ठणठणीत आहे.

ट्रक वावरापर्यंत येईल का?

ऑर्डर द्यायच्या आधी पांधण, म्हणजे वावराचा रस्ता, पायी चालून पहा. वळणं, लोंबलेल्या तारा, नाल्यावरचा पाइप. माल मृग लागायच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत उतरला पाहिजे, एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत भरलेला ट्रक दिवाळीपर्यंत निघत नाही. पाया फेब्रुवारीत, घर एप्रिलमध्ये, असा हिशोब धरा.

वानरांचं काय करता?

आमच्या गावात कवेलू वानरांमुळेच गेले अन टिन आले. पॅनलच्या छतावर वानर धपकन उडी मारते तेव्हा पत्र्याला खड्डा पडते, तिथं पाणी साचते अन रंग उडते. दुसरं छत झाल्यापासून त्या उड्या जुन्या टिनावरच पडतात अन खालचं छत शाबूत आहे. मांडवावरचे दोडके मात्र वाचत नाहीत, म्हणून यंदा दोडक्याच्या जागी कारली लावली आहेत.